दोन रुमालांऐवजी एक ओळ : सहकारी संशोधकाला ध्येय आखायला मदत करताना

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या इतिहास विभागातलं आहे. पीएच.डी. करणाऱ्या चौघांचा आमचा गट आहे. पंधरवड्यातून एकदा भेटायचं आणि प्रत्येकानं हातातल्या कामातलं काहीतरी सोबत आणायचं, एवढाच नियम. मार्गदर्शक या भेटींना नसतात. मी चौघांत सगळ्यांत पुढच्या टप्प्यावर होते, प्रबंधाचं लेखन चालू होतं. एक जण एकोणिसाव्या शतकातल्या मराठी वृत्तपत्रांवर काम करतो, त्याला मोडीचा, म्हणजे जुन्या मराठी कागदांच्या जलद लिपीचा, गंध नाही. सगळ्यांत धाकटी जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) घेऊन थेट एम.ए.नंतर आलेली, मोडी सफाईनं वाचणारी. चौथे सहकारी एका तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर शिकवतात. पस्तिशी ओलांडलेली, घरसंसार, आठवड्यातले ठरलेले दिवस कॉलेजात. आम्ही सगळे त्यांना ‘सर’ म्हणतो. प्रकरण त्यांचं आहे. त्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे, पण त्यांचं नाव आणि गाव देत नाही.

सरांचा विषय म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या एका कसब्याची जकात. बाजारात कोणता माल कुठून येई, थळभरीत (माल भरण्याच्या जागची जकात) आणि थळमोड (विक्रीच्या जागची) किती पडे, जनावरांच्या विक्रीवर शिंगशिंगोटी किती जमे, मक्ता (वसुलीचा ठेका) कोणाकडे असे, असे प्रश्न. छापील साधनं त्यांनी नीट पाहिली होती. पेशव्यांच्या रोजनिशीतून ग. चि. वाडांनी काढलेले उतारे झाले, इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड चाळून झाले. पण त्या खंडांत राजकारणाचा भाग मोठा. एखाद्या कसब्याचे जकातीचे हिशेब हवे असतील तर पुण्याच्या पुराभिलेखागारात जाऊन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडण्याला पर्याय नाही. आणि रुमालातले कागद मोडीत.

मोडीचा अल्प मुदतीचा वर्ग सरांनी केला होता, प्रमाणपत्रही होतं. अक्षरं ओळखू येत. कागद मात्र वाचता येत नसे.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला संशोधन सल्लागार समितीसमोर त्यांचं सादरीकरण झालं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नोव्हेंबर २०२२च्या नियमांप्रमाणे दर सत्रात असं एकदा उभं राहावं लागतं, आणि प्रवेशापासून ६ वर्षांत प्रबंध पुरा करायचा असतो. एका सदस्यानं विचारलं, “मूळ मोडी कागद किती वाचलेत?” सरांकडे सांगण्यासारखा आकडा नव्हता. त्या रात्री त्यांनी वहीत लिहिलं, ‘दिवाळीपर्यंत दोन रुमाल पूर्ण वाचणे.’

गणपती झाले तेव्हा पहिल्या रुमालाचा पाव भागही झाला नव्हता. जो झाला होता त्यावर त्यांचा स्वतःचाच भरवसा नव्हता. आमच्या भेटीत त्यांनी सांगितलं की आता पुण्याला जास्त वेळा यायचं ठरवलं आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला तास बुडाला की त्या तासाचे पैसेही बुडतात, हे इथे लक्षात घ्यायला हवं. म्हणजे जास्त फेऱ्या याचा अर्थ कमी पगार, आणि त्याच्या बदल्यात तसंच अडखळतं वाचन.

सल्ल्यांची वही

सरांना सल्ल्यांची कमतरता नव्हती. वहीच्या मागच्या पानांवर त्यांनी सगळे लिहून ठेवले होते. रोज एक पान गिरवा. पहाटे वाचा, डोकं ताजं असतं. पुन्हा एकदा वर्ग करा. एखाद्या जाणकाराकडून पैसे देऊन लिप्यंतर करून घ्या. विषयच बदला, छापील साधनांवर भागेल असा घ्या. सल्ला देणारे सगळे त्यांचं भलं चिंतणारे होते आणि बहुतेक सल्ले आपापल्या जागी बरोबरही होते. फक्त त्यांतल्या एकानंही सरांना कागद वाचताना पाहिलं नव्हतं.

हे मी अनेक विभागांत पाहिलं आहे. एखादा सहाध्यायी अडला की आपण त्याला आपलं वेळापत्रक देतो, आपली पुस्तकांची यादी देतो. तो नेमका कुठे अडतो हे शोधायला त्याच्या शेजारी तासभर बसावं लागतं, आणि तेवढं कोणी बसत नाही. मार्गदर्शकांकडे आठ-आठ विद्यार्थी, वर शिकवणं, वर प्रशासन. सहकाऱ्यांना मात्र हे जमू शकतं. म्हणूनच सहकाऱ्यांच्या मदतीची किंमत मला मोठी वाटते.

आम्ही ठरवलं की पुढच्या भेटीत सरांनी एक पान आणायचं, जकातीच्या हिशेबाचंच, आणि ते मोठ्यानं वाचायचं. मनात येईल ते सगळं बोलत वाचायचं : हे अक्षर कळलं, हे कळलं नाही, इथे अंदाज केला, हे सोडून पुढे गेलो. बाकीच्यांनी दुरुस्त करायचं नाही. फक्त लिहून घ्यायचं.

एक पान, चाळीस मिनिटं

मोडी ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, आपण शब्द लिहितो आणि वर शिरोरेषा देतो. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं. शब्दांमध्ये अंतर नसतं. इ-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळलेला नसतो. काना लागला की अक्षराचं रूप बदलतं, ‘र’ तर जोडताना निराळाच दिसतो. शिवाय संक्षेप. ‘मौजे’, ‘परगणे’, ‘सुहूर सन’ (त्या कागदांवरची कालगणना) असे शब्द कारकून पुरते कशाला लिहील? पहिलं अक्षर आणि पुढे एक-दोन दंड, झालं.

सर वाचायला लागले. पहिल्या दोन ओळींतली अक्षरं त्यांनी बऱ्यापैकी सोडवली, पण ‘मौ।’पाशी थांबून त्याला पुढच्या गावाच्या नावाचाच भाग धरलं. त्यामुळे गावाचं नाव भलतंच झालं. मग कालगणनेची ओळ आली. ती त्यांनी झरकन उरकली. “सुहूर सन, सत्तेचाळीस, म्हणजे ११४७,” असं म्हणून ते खाली गेले.

धाकटीच्या हातातलं पेन थांबलं. ती काही बोलली नाही, नियम तसा होता. तिनं फक्त त्या ओळीसमोर खूण केली.

खाली आकड्यांचे रकाने होते, आणि तिथे आम्ही सगळेच चकित झालो. ३॥। दिसताच सर “पावणेचार” म्हणाले, एका श्वासात, जसं आपण छापील पान वाचतो तसं. रुपये, आणे, पै यांच्या खुणा, पाव, अर्धा, पाऊण यांचे उभे दंड, कुठे ओळीची बेरीज आहे, कुठे वजावट आहे, सगळं त्यांना दिसत होतं. एका रकान्याची बेरीज त्यांनी तोंडी केली आणि म्हणाले, “खालचा आकडा जुळत नाही, मध्ये काहीतरी वजा केलंय.” त्यांचे मामा एका अडत दुकानात दिवाणजी होते. सुट्टीत भाचा त्यांच्या शेजारी बसून वह्या पाहायचा. पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे त्यांना घरातच पाठ झाले होते. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, कारण त्याचा संशोधनाशी काही संबंध असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

पान संपायला चाळीस मिनिटं लागली. मग मी एवढंच विचारलं, “सर, या पानावर तुम्ही कुठे कुठे थांबलात?” त्यांनी स्वतःच पान पुढे घेतलं आणि पेन्सिलीनं गोल करत गेले. अक्षरांवर गोल थोडे होते. संक्षेपांवर बरेच होते. वरच्या मायन्यावर एक मोठा गोल आला, कारण हा कागद ताळेबंद (जमाखर्चाचा एकूण गोषवारा) आहे की रोजकीर्दीतला (रोजच्या हिशेबाच्या वहीतला) उतारा आहे हे त्यांना ठरवता आलं नव्हतं. कालगणनेच्या ओळीवर गोल नव्हता.

आता धाकटीनं विचारलं, “सर, हे सत्तेचाळीस कसं काढलंत?”

ओळ होती, ‘अर्बा सबैन मया व अलफ’. सुहूर सनात आकडे अरबी शब्दांत लिहितात, आधी एकक, मग दशक, मग शतक, मग सहस्र. अर्बा म्हणजे ४, सबैन म्हणजे ७०, मया म्हणजे १००, अलफ म्हणजे १०००. एकूण ११७४. सरांनी अर्बाला ४० आणि सबैनला ७ धरलं होतं. पण चाळीसला अर्बैन म्हणतात आणि सातला सबा. ‘सबा अर्बैन’ असतं तर ११४७ बरोबर होतं.

सुहूर सन मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुमारास सुरू होतो. त्यात जून ते डिसेंबरपर्यंतच्या तारखांसाठी ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे ६००. ११४७ म्हणजे १७४६-४७, नानासाहेब पेशव्यांचा काळ. ११७४ म्हणजे १७७३-७४. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, ते वर्ष. एका ओळीच्या वाचनात हिशेब सत्तावीस वर्षं मागे गेला होता. जकातीचे चढउतार मांडणाऱ्या प्रबंधात अशी चूक तक्ताच मोडून टाकते.

सर बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मला वाटत होतं मला मोडी येत नाही. मला तारखा येत नाहीत.”

या प्रकरणातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य माझ्या मते हेच. ‘मला मोडी येत नाही’ यावरून कोणतंच ध्येय काढता येत नाही, फक्त धास्ती वाढते. ‘मला तारखा येत नाहीत’ यावरून उद्या सकाळचं काम ठरतं. आणि हे वाक्य आमच्यापैकी कोणी त्यांच्या तोंडी घातलं नव्हतं.

ध्येय नव्यानं लिहिताना

‘दिवाळीपर्यंत दोन रुमाल’ या ध्येयात वरवर पाहता दोष दिसत नाही. त्यात मुदत आहे, मोजता येईल असा आकडा आहे, ते विषयाशी जोडलेलं आहे. ध्येय कसं लिहावं याचे जे ठोकळ नियम कार्यशाळांत सांगतात, त्या सगळ्यांना ते उतरतं. तरी ते चुकीचं होतं, कारण ते न येणाऱ्या कामाच्या निकालाचं ध्येय होतं.

एडविन लॉक आणि गॅरी लेथम या दोन मानसशास्त्रज्ञांचं ध्येयनिश्चितीवरचं काम प्रसिद्ध आहे. ‘जमेल तेवढं कर’ म्हणण्यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड ध्येय दिलं की माणसं जास्त काम करतात, हा त्यांचा मूळ निष्कर्ष व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात शिकवतात. पण त्याची दुसरी बाजू क्वचित सांगितली जाते. १९९६ मध्ये डॉन विंटर्स आणि लेथम यांनी दाखवलं की काम सोपं असेल, हातात बसलेलं असेल, तर निकालाचं ध्येय उपयोगी पडतं. काम गुंतागुंतीचं आणि नवं असेल तर निकालाऐवजी शिकण्याचं ध्येय, म्हणजे ‘हे करायच्या अमुक इतक्या रीती शोध’ अशा प्रकारचं, जास्त फळ देतं. माणूस आकड्याच्या मागे लागला की रीत शोधायची राहून जाते. सर नेमकं तेच करत होते. रुमाल संपवायचा म्हणून कालगणनेची ओळ झरकन उरकत होते.

दुसरा अभ्यास अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक यांचा, १९८१चा. गणितात मागे असलेल्या आणि गणिताचा कंटाळा असलेल्या मुलांना वजाबाकीची ४२ पानं दिली होती, ७ बैठकींत सोडवण्यासाठी. एका गटाला सांगितलं, दर बैठकीत निदान ६ पानं करा. दुसऱ्याला सांगितलं, सातव्या बैठकीच्या अखेरीस ४२ करा. बेरीज एकच. पण जवळचं ध्येय मिळालेली मुलं वजाबाकीत पुढे गेली, त्यांचा स्वतःवरचा विश्वास वाढला आणि त्यांना गणितात रसही वाटू लागला. सरांना हा अभ्यास सांगितला तेव्हा ते हसून म्हणाले की शाळेतल्या पोरांसारखं वागवताय. मग म्हणाले, “पण बरोबर आहे.”

त्यांनी स्वतःच्या हातानं नवी ओळ लिहिली : ‘पुढच्या भेटीपर्यंत सुहूर सनाची कोणतीही ओळ पाहून इसवी सन काढायचा, आणि कसा काढला ते समोरच्याला सांगायचं.’ रुमालाचा उल्लेख नाही, पानांचा आकडा नाही. पुरावा काय, तर धाकटीनं वेगवेगळ्या कागदांवरच्या दहा ओळी मिसळून द्यायच्या आणि सरांनी त्या आमच्यासमोर सोडवायच्या. वृत्तपत्रांवर काम करणाऱ्या आमच्या मित्रानं एक अट घातली : आपल्याला मोडी येत नाही, तेव्हा सरांनी आपल्याला समजेल असं सांगायचं. ही अट फार कामाची ठरली. जाणकारासमोर माणूस अर्धं बोलतो आणि उरलेलं तो समजून घेतो. अजाणासमोर प्रत्येक पायरी उच्चारावी लागते, आणि कुठली पायरी पक्की नाही ते बोलणाऱ्यालाच कळतं.

यात एक फरक मी आग्रहानं पाळते. ध्येयाचे शब्द ज्याचं काम आहे त्यानंच लिहायचे. आम्ही विचारू शकतो की हे झालं हे कशावरून कळेल, हे आत्ताच का, हे न जमल्यास पुढचं काय अडेल. पण “तुम्ही असं लिहा” म्हणायचं नाही. आम्ही लिहून दिलेलं ध्येय मोडलं तर ते आमचं मोडतं, आणि सरांकडे फक्त ओशाळेपण उरतं.

‘सर’ असण्याची अडचण

वरच्या वर्णनात हे सगळं सहज झाल्यासारखं वाटेल. तसं नव्हतं. वर्गात साठ पोरांसमोर उभा राहणारा माणूस आपल्याहून दहा-बारा वर्षांनी लहान मुलीसमोर अडखळत वाचतो, तेव्हा त्याला ते जड जातं. मोठ्यानं वाचायचं ठरल्यावर सर आधी टाळत होते. कॉलेजात परीक्षा आहे, पान सापडलं नाही, घशाला त्रास आहे. आपल्याकडे शिकवणाऱ्यानं ‘येत नाही’ म्हणणं हा कमीपणा समजतात, आणि सरांच्या गावात तर ते पीएच.डी. करणारे एकटेच.

कोंडी फुटली ती आकड्यांच्या रकान्यांमुळे. धाकटीला मोडी येत होती, पण जकातीचा हिशेब येत नव्हता. वजावट कुठे आहे, मक्त्याची रक्कम हप्त्यांत कशी मोडली आहे, ‘बाकी’ म्हणजे यायची की द्यायची, यावर तिचं काम अडत असे. तिच्याही प्रबंधात एका देवस्थानाचे जमाखर्च होते. ती म्हणाली, “सर, मला पावकी-निमकी शिकवाल? मी पाऊणकीवर दर वेळी चुकते.” त्या दिवसापासून दोघांचा तास ठरला : अर्धा वेळ तारखा आणि संक्षेप, अर्धा वेळ हिशेब. सर तिला ‘ताई’ म्हणत आणि ती त्यांना ‘सर’. हाक मारण्यात बदल झाला नाही. पण तिच्यापुढे पान ठेवताना सर आता कारण सांगत नसत.

सहकाऱ्यांच्या मदतीत एकाला सतत घेणारा करून ठेवलं तर ती मदत फार दिवस चालत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. घेणाऱ्याकडे देण्यासारखं काय आहे ते शोधणं हे ध्येय आखण्याच्या कामाचाच भाग आहे. सरांच्या बाबतीत ते त्या चाळीस मिनिटांत अपघातानं सापडलं. आता आम्ही पहिल्याच भेटीत विचारतो की तुम्हाला काय येतं, संशोधनाशी संबंध नसला तरी सांगा.

पुढचे महिने

तारखांची ओळ पक्की व्हायला दोन भेटी गेल्या. पहिल्या वेळी दहापैकी सहा बरोबर आल्या, आणि चुकलेल्या चारांपैकी तीन एकाच जोडीच्या होत्या, सीत (६) आणि सितैन (६०). सरांनी अशा जोड्यांचा एक तक्ता केला : सबा-सबैन, अर्बा-अर्बैन, खमस-खमसैन. तो आता आमच्या सगळ्यांच्या वह्यांत आहे.

मग संक्षेप. यासाठी त्यांनी निवडलेली रीत मला फार आवडली. छापील साधनांत संपादकांनी जे उतारे बाळबोधीत दिले आहेत त्यांतले हिशेबी उतारे काढायचे आणि कारकुनानं कुठे संक्षेप केला असेल ते आधी ओळखायचं. मग तशाच प्रकारचा मोडी कागद घ्यायचा. शब्दाचा अर्थ अडला की मोल्सवर्थचा कोश, १८५७च्या आवृत्तीचा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली बाजाराची आणि महसुलाची भाषा त्यात जितकी सापडते तितकी आजच्या कोशांत नाही.

नोव्हेंबरमध्ये सगळं थांबलं. कॉलेजात परीक्षा, पेपर तपासणं, मूल्यांकनाच्या समितीची तयारी. तासिकेवरच्या माणसाला अशा कामाला नाही म्हणता येत नाही. आधीचं ध्येय असतं तर सरांनी हा काळ ‘वाया गेला’ असा लिहिला असता. या वेळी त्यांनी आधीच एक जर-तरचं वाक्य लिहून ठेवलं होतं : ‘जर कॉलेजचं काम अंगावर आलं, तर त्या पंधरवड्यात नवं काही घ्यायचं नाही, जुन्या दहा ओळी पुन्हा सोडवायच्या.’ एसटीत बसून त्या सोडवल्या, असं त्यांनी सांगितलं. भेटीला ते रिकाम्या हातानं आले नाहीत, ही मला मोठी गोष्ट वाटली. ज्या गटात रिकाम्या हातानं येण्याची लाज वाटते तिथून माणूस आधी गप्प होतो आणि मग यायचा थांबतो. आमच्या विभागातले दोन गट असेच विरले आहेत.

कागदाचा प्रकार ओळखणं शेवटी आलं. मायना आणि मांडणी पाहून हा ताळेबंद, हा रोजकीर्दीतला उतारा, हा मक्त्याचा कौल, असं वाचण्याआधी सांगायचं. हे जमायला लागल्यावर वाचनाचा वेग आपोआप वाढला, कारण कुठल्या कागदात काय शोधायचं ते आधी कळू लागलं. पुराभिलेखागारात एका दिवसात हाती लागणारी माहिती कितीतरी वाढली, आणि फेऱ्या वाढवाव्या लागल्या नाहीत.

समितीसमोर

पुढच्या सत्रात सर समितीपुढे उभे राहिले तेव्हा ‘किती कागद वाचले’ या प्रश्नाला त्यांच्याकडे मोठा आकडा नव्हताच. एकही रुमाल पुरा झाला नव्हता. त्यांनी एक पान पडद्यावर दाखवलं, तेच आमच्यासमोर वाचलेलं. तारीख कशी ठरवली ते सांगितलं, हा ताळेबंद का हे सांगितलं, आणि न जुळणाऱ्या बेरजेचा उलगडा केला. मधली वजावट वसुलीच्या खर्चाची होती. ती वेगळ्या ओळीत न दाखवता संक्षेपानं कडेला नोंदली होती. मग त्यांनी विषयाची व्याप्ती कमी करण्याचा प्रस्ताव मांडला. शतकाचा उत्तरार्ध न घेता, ज्या दहा-बारा वर्षांचे हिशेब सलग मिळतात तेवढीच घ्यायची. समितीनं तो मान्य केला.

व्याप्ती कमी करणं हा या प्रकरणातला सगळ्यांत मोठा बदल आहे असं मला वाटतं, आणि तो कोणाच्याच ध्येयात लिहिलेला नव्हता. कागद वाचता येऊ लागल्यावरच कुठले कागद सलग आहेत हे दिसलं. कौशल्य आधी आलं, मग विषय नीट आखता आला. आराखडा मात्र प्रवेशाच्या वेळीच पक्का करून मागतात, जेव्हा संशोधकाला साधनं वाचताही येत नसतात. सरांसारखे किती जण त्या आराखड्याशी झगडत वर्षं काढतात! सल्लागार समित्यांनी पहिल्या दोन सत्रांत ‘काय वाचलं’ याबरोबर ‘काय करता येऊ लागलं’ हेही विचारावं, असं मी आमच्या विभागात बोलून दाखवलं आहे.

जे सुटलं नाही

खाजगी पत्रं सरांना अजून जड जातात. हिशेबात ठरावीक शब्द परत परत येतात, पत्रात तसं नसतं. हात वेगळा, घाई वेगळी, मजकुराचा अंदाज बांधता येत नाही. मक्तेदारांच्या तक्रारींची पत्रं त्यांच्या विषयाला लागणार आहेत आणि त्यासाठी पुढचं सत्र राखून ठेवलं आहे. पहिलं पान आणलं होतं. त्यावरचे गोल या वेळी अक्षरांवर जास्त होते, म्हणून ध्येयही अक्षरांचंच ठरलं : एकाच कारकुनाच्या हातची पाच पत्रं घेऊन त्याच्या वळणाचा तक्ता करायचा.

दुसरी गोष्ट मार्गदर्शकांची. मागच्या पिढीतल्या काही अध्यापकांना विद्यार्थ्यांचे असे गट रुचत नाहीत. आपल्या मागे काहीतरी ठरतं आहे असं त्यांना वाटतं. सरांनी प्रत्येक नवं ध्येय आपल्या मार्गदर्शकांना आधी सांगितलं, व्याप्तीचा प्रस्ताव तर त्यांच्याशी बोलूनच समितीपुढे नेला. हे शिष्टाचारापुरतं नव्हतं. मोडीच्या एका शंकेवर मार्गदर्शकांनीच त्यांना दुसऱ्या रुमालाचा पत्ता दिला, जो आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हता.

तिसरी गोष्ट धाकटीच्या वेळेची. दहा-दहा ओळी निवडायच्या, मिसळायच्या, तपासायच्या, यात तिचे तास जात होते आणि जेआरएफची मुदत तिच्याही डोक्यावर आहे. हिशेब शिकायला मिळाला म्हणून फिटंफाट झाली असं म्हणणं तिच्यावर अन्याय करणारं आहे. जाणती आणि समजूतदार मुलगी असली की विभागात सगळ्यांचे कागद तिच्याकडेच येतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. तास आठवड्याला एकच, आणि तो तिनं नाही म्हटलं तर कारण न विचारता रद्द. शिवाय सरांच्या प्रबंधाच्या परिशिष्टात जी लिप्यंतरं येतील त्या प्रत्येकाखाली ‘लिप्यंतर’ आणि ‘तपासणी’ अशा दोन वेगळ्या नोंदी करायच्या, तपासणीपुढे तिचं नाव घालायचं. ऋणनिर्देशातल्या एका ओळीवर ते भागवायचं नाही, असं सरांनीच सुचवलं. पहिली तीन लिप्यंतरं अशा नोंदींसह टंकून झाली आहेत, चौथ्यात एका गावाच्या नावावर दोघांचं एकमत झालेलं नाही, आणि सध्या तिथे दोन्ही वाचनं शेजारीशेजारी ठेवली आहेत.